फुलांचा वाफा आणि शेजारचा बोका

घरापुढची बाग बहुधा फार मोठी नसते. फाटकापासून पायरीपर्यंत शहाबादी फरशीची वाट, तिच्या एका अंगाला मोगरा आणि जास्वंद, दुसऱ्या अंगाला गुलाबाची चार आळी, कुंपणाच्या भिंतीलगत तगर किंवा पारिजातक, एवढाच तिचा विस्तार. परंतु ज्या घरांत पूजेला फुले लागतात तेथे ती याच पट्टीतून येतात, नातवंडे याच मातीत खेळतात आणि घरातील वृद्ध मंडळी कोवळ्या उन्हासाठी येथेच खुर्ची टाकून बसतात. म्हणूनच पहाटे परडी घेऊन बाहेर आलेल्या गृहिणीला उकरलेला वाफा आणि मांजराची विष्ठा रोज दिसू लागली की प्रश्न केवळ दुर्गंधीचा राहत नाही. फुले पूजेला घ्यावीत की नाहीत येथपासून वाद सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत तो शेजारच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो.

त्यातच लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली असेल तर घराची काळजी आणखी वाढते. मांजराच्या विष्ठेपासून गर्भवतीने दूर राहावे, असे वैद्यांनी बजावलेले असते. मग कोणी डांबरगोळ्या आणतो, कोणी तिखट पसरतो, आणि वसाहतीतील एखादा अनुभवी गृहस्थ आवाज खाली आणून त्याहूनही भयंकर उपाय सुचवतो. ज्या घरात पाणी गाळून पिण्याची रीत आहे त्या घराच्या फाटकाशी असा उपाय उच्चारला जावा, हीच या विषयातील खरी अडचण होय.

मांजर असे का वागते, हे आधी समजून घेतले तर अर्धे काम सोपे होते. घरगुती मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराचे वंशज आहे. धान्याच्या कोठारांभोवती उंदीर जमले आणि उंदरांमागोमाग ते माणसाच्या वस्तीत आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारीच पुरलेले मांजर सापडले आहे, इतका हा सहवास जुना. त्या कोरड्या भूमीची सवय त्याच्या अंगात अजून टिकून आहे. सैल, कोरडी, भुसभुशीत माती दिसली की ते खड्डा करते, आपले काम उरकते आणि वर माती ओढते. त्यामागे खोडी नाही की सूडबुद्धी नाही. गृहस्थाने खुरपून, खत घालून, चाळून तयार केलेला वाफा मांजराच्या दृष्टीने शौचाची उत्तम जागा असतो. वसाहतीत बाकी सर्वत्र फरशी आणि डांबर झाल्यावर त्याला दुसरी जागा तरी कोठे उरते?

यावरून उपायाची दिशा उघड होते. मांजराला घाबरवण्यापेक्षा मातीचे रूप बदलावे. उघडी माती शिल्लक ठेवू नये, हा पहिला नियम. आळ्यांतून सुपारीएवढी खडी किंवा नदीचे गोटे दोन बोटे जाडीने पसरावेत. पाणी खाली झिरपते, ओल टिकते आणि मांजराच्या पंजाला उकरण्यासारखे काही सापडत नाही. नारळाच्या करवंट्यांचे तुकडेही चालतात, मात्र पालथे घालावेत, नाहीतर त्यांत पाणी साचून डास होतात. कोकोपीटचा जाड थर मात्र घालू नये. रोपवाटिकेत त्याची कितीही स्तुती होवो, मांजराला तो मातीहूनही मऊ वाटतो.

नवे रोप लावलेल्या जागी तुरीच्या वाळलेल्या काटक्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या वीतभर उंचीच्या करून उभ्या रोवाव्यात. दोन काटक्यांत वीतभराहून कमी अंतर असले की मांजराला वळून बसण्याइतकी जागाच मिळत नाही. काट्याच्या फांद्या वापरण्याचा मोह टाळावा. हेतू अडवण्याचा आहे, पाय रक्तबंबाळ करण्याचा नाही; शिवाय त्याच वाफ्यात घरातील मूल हात घालते. बियाणे पेरले असेल तर मोठ्या छिद्रांची तारेची जाळी मातीवर सपाट अंथरून कडा दाबून टाकाव्यात. रोपे जाळीतून वर येतात आणि महिना-दीड महिन्यात जाळी दिसेनाशी होते. चिनी गुलाबासारखी जमिनीवर पसरणारी झाडे गुलाबाच्या बुंध्याभोवती लावली तर दोन हंगामांत उघडी माती शोधावी लागेल. पाणी सकाळऐवजी सायंकाळी घातल्यास रात्रभर माती ओली राहते, आणि मांजराचा फेरा बहुधा रात्री किंवा पहाटेच असतो. त्यासाठी जास्त पाणी ओतण्याचे कारण नाही. रोजचेच पाणी, केवळ वेळ बदलून.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या तयार मातीच्या मिश्रणात पुष्कळदा हाडांचा चुरा मिसळलेला असतो. त्याच्या वासाने मांजर आणि कुत्रे दोन्ही माती उकरू लागतात. हाडांचा चुरा आपल्या बागेत यावा, अशी या मासिकाच्या वाचकांपैकी फारच थोड्यांची इच्छा असेल. पण विचारल्याशिवाय तो आहे की नाही हे कळत नाही. शेणखत किंवा गांडूळखत घालून माती घरीच तयार केली तर दोन्ही चिंता मिटतात.

आता टाळावयाच्या गोष्टी. मिरचीपूड पसरणे हा अनेकांना निरुपद्रवी घरगुती उपाय वाटतो. परंतु ती पूड पंजाला चिकटते, मांजर पंजा चाटते, त्याच पंजाने डोळे पुसते, आणि मग होणारी आग त्याला धुऊन टाकता येत नाही. डांबरगोळ्या मांजराला विषारी आहेत आणि पांढऱ्या गोळीला खाऊ समजणाऱ्या लहान मुलालाही. फिनेलविषयी फारच थोड्यांना माहिती असते. फिनॉलच्या जातीची द्रव्ये निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची जी प्रक्रिया माणसात असते, ती मांजरात अत्यंत दुबळी आहे. फिनेल ओतलेल्या फरशीवरून चालून नंतर पाय चाटणाऱ्या मांजराला त्यामुळे विषबाधा होऊ शकते. कॉफीचा चोथा, सुगंधी तेले यांचीही गत थोडीफार तशीच. संत्र्या-मोसंब्यांच्या साली तेवढ्या बिनधोक. काही मांजरांना त्यांचा वास आवडत नाही, पण दोन दिवसांत साली वाळतात आणि वासही जातो.

विष घालण्याची भाषा करणाऱ्यांना कायद्याचीही आठवण करून द्यावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम अपायकारक द्रव्य बुद्ध्या खाऊ घालणे हा गुन्हा मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात प्राण्याला मारणे, विष घालणे वा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अर्थात ज्याला हे करण्यापासून कलमानेच रोखावे लागते, त्याच्याशी निराळ्याच विषयावर बोलणे आवश्यक असते.

फाटकापाशी लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रातील गावोगावी दिसते. कुंकू किंवा नीळ कालवलेले ते पाणी पाहून कुत्री-मांजरे फिरकत नाहीत, अशी समजूत आहे. गंमत अशी की जपानमध्येही लोक भिंतीलगत साध्या पाण्याच्या बाटल्या याच समजुतीने ठेवतात. प्रत्यक्षात नवी वस्तू म्हणून मांजर चार दिवस बिचकते आणि पाचव्या दिवशी बाटलीला अंग घासून पुढे जाते. हे पाणी महिनोन्महिने तसेच उभे राहते, ही गोष्ट वेगळीच. माणसाला ऐकू न येणारा तीव्र ध्वनी काढणारी यंत्रेही आता मिळतात. मांजराची श्रवणशक्ती ६० किलोहर्ट्झच्याही वर जाते, माणसाची सुमारे २० वर थांबते, या फरकावर ती आधारलेली आहेत. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्राने मांजरांचे येणे आणि थांबणे काही प्रमाणात कमी झाले, पूर्ण बंद झाले नाही. तो ध्वनी शेजारच्या पाळीव कुत्र्यालाही ऐकू जातो, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात घ्यावे. एवढा खर्च करण्याआधी दोन पाट्या खडी आणून पाहावी.

बोक्याचे प्रकरण मात्र वेगळे आहे. वयात आलेला बोका भिंतीवर, फाटकाच्या खांबावर, कुंडीच्या बाजूवर उभ्याने मूत्राची चिळकांडी मारतो. ते शौच नसून आपल्या हद्दीची खूण असते, म्हणून खडी आणि काटक्या यांचा तेथे काही उपयोग होत नाही. बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य पुष्कळ असते; ते हवेत विघटित होऊ लागले की तो ओळखीचा उग्र दर्प पसरतो. वास उरला तर बोका पुन्हा त्याच जागी येतो. तेव्हा ती जागा साबणाच्या कोमट पाण्याने दोन-तीनदा धुऊन कडक उन्हात वाळू द्यावी. अमोनियायुक्त द्रवाने पुसू नये, त्याचा वास मांजराला मूत्रासारखाच वाटतो. व्हिनेगरचा सल्ला पुष्कळ जण देतात, परंतु शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. आम्लाने त्यांची झिलई जाते आणि ती परत येत नाही.

आरोग्याविषयी अर्धवट माहिती आणि पूर्ण भीती, अशी बहुतेक घरांची स्थिती असते. ज्या सूक्ष्म परजीवीची वैद्य काळजी करतात त्याचे नाव टॉक्सोप्लाझ्मा. गर्भवतीला प्रथमच त्याची बाधा झाली तर गर्भाला धोका संभवतो. परंतु बाधित मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेवाटे त्याची अंडकोष्ठे टाकते. ती ताज्या विष्ठेत बाधक नसतात. बाधक होण्यास एक ते पाच दिवस लागतात. त्यानंतर मात्र ओलसर मातीत ती महिनोन्महिने टिकतात आणि बहुतेक जंतुनाशकांना दाद देत नाहीत. सारांश, मांजर दारावरून गेले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण वाफ्यातील विष्ठा त्याच दिवशी उचलण्याला फार महत्त्व आहे. हे काम गर्भवतीने करू नये. मातीत हात घालणे टाळता येत नसेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मांसाहार नसलेल्या घरातही माती आणि न धुतलेली भाजी या वाटा उघड्याच असतात. अंगणातील कोथिंबीर, मेथी, पुदिना वाहत्या पाण्याखाली नीट धुवावा. खेळणाऱ्या मुलांना याच मातीतून जंतांचीही बाधा होऊ शकते. शंका असल्यास तपासणी कोणती करावी हे वैद्यांनाच विचारावे.

उचललेली विष्ठा कोठे टाकावी, हा प्रश्न क्षुल्लक नाही. साधूंच्या पाच समितींपैकी शेवटची, उत्सर्ग किंवा पारिष्ठापनिका समिती, मलमूत्र कोठे आणि कसे टाकावे याच्याच दक्षतेविषयी आहे. इतक्या सामान्य कृतीला आचारधर्मात स्वतंत्र स्थान देणाऱ्या परंपरेतील गृहस्थाने ती विष्ठा खुरप्याने उचलून भिंतीपलीकडे भिरकवावी, हे शोभत नाही. ती भोवतालच्या थोड्या मातीसह कागदात गुंडाळून घंटागाडीच्या योग्य त्या डब्यात द्यावी. भाजीपाल्याच्या खतात तिला स्थान नाही. वाफ्यावर उकळते पाणी ओतण्याचा उपाय कोणी सुचवलाच, तर त्या मातीतील गांडुळे आणि मुंग्या यांचा विचार ओतण्यापूर्वी करावा.

मग येतो दुधाचा प्रश्न. पुष्कळ घरांत जीवदयेपोटी मांजरासाठी दुधाची वाटी आणि पोळीचा तुकडा फाटकाशी ठेवला जातो आणि त्याच मांजराच्या घाणीविषयी त्याच फाटकाशी तक्रारही होते. वाढलेल्या बहुसंख्य मांजरांना दुधातील शर्करा नीट पचत नाही, त्यांना अतिसार होतो, आणि त्याचा परिणाम वाफ्यातच दिसतो. मांजर निसर्गतःच मांसभक्षी आहे, केवळ दूध-पोळीवर त्याचे पोषण होत नाही. पूर्वाचार्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण येते आणि तेथे पोपट, कोंबडा यांच्याबरोबर मांजराचेही नाव आहे. मात्र ते धनासाठी केलेल्या पालनाविषयी. मांजर पाळण्याचा आग्रह परंपरेने धरलेला नाही, तसाच त्याला छळण्याची मुभाही दिलेली नाही. तहानलेल्या जिवासाठी सावलीत स्वच्छ पाण्याचे भांडे ठेवणे यांत कसलीच अडचण नाही.

दुसऱ्या बाजूला, शेजारी कोणी मांजरांना नेमाने खाऊ घालीत असेल तर ते बंद पाडण्याची मागणी करण्यापूर्वी थोडे थांबावे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अन्न तोडणे हे त्यांतील शेवटचे. शिवाय त्याने प्रश्नही सुटत नाही, भुकेले मांजर तीच वसाहत अधिक फिरते. शेजाऱ्याशी बोलावे ते मांजराच्या बंदोबस्ताविषयी नव्हे, तर जागेविषयी. सर्वांत खात्रीचा उपाय अखेर तोच आहे. घराच्या मागील बाजूस, पावसाचे पाणी न येणाऱ्या कोपऱ्यात दोन हात लांब-रुंद जागा विटांनी आखून तीत वीतभर कोरडी वाळू भरावी. पहिले काही दिवस वाफ्यातून उचललेली थोडी विष्ठा तेथेच पुरावी, म्हणजे वासाने मांजराला जागा कळते. खडीने झाकलेला वाफा आणि मोकळी मऊ वाळू यांत ते सहसा वाळूच निवडते. वाळू रोज साफ करावी लागते. मळलेली जागा मांजर सोडून देते. खाणे ठेवण्याचे ठिकाण मात्र या कोपऱ्यापासून दूर असावे, कारण जेवणाजवळ घाण करणे मांजराला आवडत नाही.

ही वाळू कोणाच्या आवारात असावी, यावर बोलणे अडते. "काकू, तुमच्या मांजरांनी आमची बाग नासवली," असे म्हटले की काकू म्हणणार, मांजरे काही त्यांची नव्हेत, आणि तेही खरेच असते. "काकू, वाळूची एक पाटी मी आणून देतो, तुमच्या मागच्या पडवीत जागा होईल का?" असे विचारले तर बहुधा पडवी दाखवायला त्या स्वतः उठतात.

एवढे करूनही मांजरांची संख्या वाढतच राहिली तर? मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच वयात येते, तिचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, आणि वर्षात ती दोन-तीनदा विऊ शकते. पशुवैद्य निर्बीजीकरण सुचवतात. त्याने बहुतेक बोक्यांची चिळकांडी मारण्याची सवयही थांबते. समाजात या विषयावर एकमत नाही. शस्त्रक्रिया म्हणजे छेद, आणि छेद हा अतिचार, असे मानणारे श्रावक आहेत. त्यांच्या संकोचाला हसण्याचे कारण नाही. जन्मणाऱ्या पिल्लांपैकी कितीतरी उपासमारीने, रोगाने, चाकाखाली सापडून मरतात, तेव्हा बधिर करून कुशल हातांनी केलेली एक शस्त्रक्रिया हीच अल्प पीडा होय, असे म्हणणारेही तितकेच श्रद्धावान आहेत. अतिचारांतील छेद हा क्रोधाने वा लोभाने केलेला अवयवभंग होय आणि दुःख टळावे म्हणून केलेली शस्त्रक्रिया त्यात बसत नाही, हा दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो. तरीही ज्याला तो पटत नाही त्याने निदान पिल्ले पोत्यात घालून बाजारात किंवा नदीपलीकडे सोडून येऊ नयेत. आईविना ती जगत नाहीत. १९६० च्या अधिनियमात उपाशी मरण्यासारख्या स्थितीत प्राणी टाकून देणे हाही गुन्हा आहे. मोठे मांजर तर अनेकदा वाट शोधत परत येते, आणि पुन्हा त्याच वाफ्यात.

पावसाळ्याची तयारी मात्र आषाढ लागण्यापूर्वी करावी. चातुर्मासात माती न उकरण्याचा नियम असलेल्या घरांत खडी पसरणे, काटक्या रोवणे ही कामे जेष्ठातच उरकलेली बरी. पाऊस सुरू झाला की उघडे वाफे चिखलाने भरतात आणि मांजर तिकडे फिरकत नाही; ते कोरडी माती शोधत वळचणीखाली, जिन्याखाली, पोर्चमधील कुंड्यांपाशी येते. त्या कुंड्यांच्या तोंडावर चार चपटे गोटे ठेवावेत, आणि मागच्या कोपऱ्यातील वाळूवर पत्र्याचा एक तुकडा तिरका घालावा.